चोरलेली फळे आणि वाकलेली इच्छा

रोमन साम्राज्याच्या उत्तर आफ्रिकेतील मुलखात थागास्टे नावाचे एक लहानसे गाव होते. आज ते अल्जीरियात सूक अहरास या नावाने ओळखले जाते. इसवी सन 370 च्या सुमारास या गावातील काही उनाड पोरांनी एका रात्री, बराच वेळ रस्त्यावर धुडगूस घालून झाल्यावर, शेजारच्या मळ्यातील नासपतीचे झाड हलवून त्याची फळे खाली पाडली, ओझी भरून ती पळवली, एखाद-दुसऱ्या फळाला दात लावून पाहिला आणि उरलेला सारा मुद्देमाल डुकरांपुढे फेकून दिला. असली चोरी कोणत्याही गावात, कोणत्याही शतकात घडते. तिची फिर्याद झालीच तर चार चापट्यांत निकाल लागतो आणि ती कोणाच्याही दफ्तरी नोंदली जात नाही. ही मात्र नोंदली गेली, आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराने मनुष्यस्वभावाविषयी पुढील सोळाशे वर्षे जे काही म्हटले त्याचा मोठा भाग या झाडाखाली सुरू होतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्या टोळीतील एक सोळा वर्षांचा मुलगा, ज्याला पुढील शिक्षणासाठी कार्थेजला पाठवण्याइतका पैसा बापाच्या गाठीशी नसल्यामुळे ते वर्ष घरी रिकामपणी काढावे लागले होते, तोच पुढे हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन झाला. 397 च्या सुमारास, चाळिशी ओलांडल्यावर, त्याने ईश्वराला उद्देशून आपले आत्मनिवेदन लिहावयास घेतले. तेरा भागांच्या त्या ग्रंथात तरुणपणीची कामवासना आहे, लग्नावाचून अनेक वर्षे सोबत राहिलेली आणि पुढे दूर केलेली स्त्री आहे, तिच्यापासून झालेला मुलगा आहे, राजदरबारी नाव मिळवण्याची हाव आहे. या साऱ्या ऐवजापुढे ओंजळभर फळांची काय मातब्बरी, असा प्रश्न वाचकाला पडतो. परंतु लेखक या चोरीपाशी इतका रेंगाळतो, तिला इतक्या बाजूंनी उलटसुलट करून पाहतो, की अखेर त्याच्या हट्टामागील कारण आपल्याही ध्यानात येते. बाकीच्या प्रत्येक पापाला काही ना काही सबब सांगता येत होती. या एकाला नव्हती. त्या मुलांना भूक नव्हती. ऑगस्टीनच्या घरी त्याहून सरस फळे होती. चोरलेली फळे रूपाने वा रुचीने मोहात पाडणारी नव्हती. दरोडेखोर द्रव्यासाठी लुटतो, मत्सरी मनुष्य सूडासाठी मारतो, आणि रोमच्या इतिहासात क्रौर्यासाठी कुप्रसिद्ध झालेला कॅटिलाईनसुद्धा गुन्हा केवळ गुन्ह्यासाठी करत नव्हता, त्यातून त्याला सत्ता आणि संपत्ती हवी होती, हा दाखला ऑगस्टीन स्वतःच देतो. मग आपल्याला काय हवे होते? निषिद्ध होते म्हणून ते हवे होते, याहून वेगळे उत्तर त्याला सापडत नाही, आणि त्याला जे भय वाटते ते फळांच्या किमतीचे नसून या उत्तराचे आहे.

ज्याने सर्व काही निर्माण केले तो ईश्वर जर पूर्ण मंगल असेल, तर त्याच्या सृष्टीत अमंगल आले कोठून, हा प्रश्न ऑगस्टीनला विशीपासून छळत होता. त्या वयात त्याला पटलेले उत्तर ख्रिस्ती धर्माचे नव्हते; ते मानीचे होते. तिसऱ्या शतकात मेसोपोटेमियात, इराणच्या बादशाहीत, होऊन गेलेल्या या धर्मसंस्थापकाने असे शिकवले होते की प्रकाश आणि अंधकार ही दोन तत्त्वे अनादि आहेत, त्यांच्या युद्धात प्रकाशाचे कण अंधाराच्या तावडीत सापडले, आणि आपण पाहतो ते जग म्हणजे त्या सरमिसळीचा परिणाम होय. या पंथात सिद्ध आणि श्रोते असे दोन वर्ग होते. सिद्धांनी स्वतः फळ तोडणे हेही हिंसेत जमा होई, म्हणून श्रोते त्यांच्यासाठी अन्न आणून देत आणि सिद्धांच्या जठरात त्या अन्नातील प्रकाश मुक्त होतो असे मानले जाई. ऑगस्टीन सुमारे नऊ वर्षे श्रोता होता. त्याच्यासारखा तीक्ष्ण बुद्धीचा मनुष्य या कथांत इतका काळ कसा रमला, याचा उलगडा तो पुढे स्वतःच करतो: या मतात मोठी सोय होती. पाप झाले तर ते माझ्या हातून झाले नाही, माझ्यात घुसलेल्या परक्या तत्त्वाने केले, असे म्हणून मनुष्याला नामानिराळे राहता येत होते. आपल्या अंतःकरणातील मालमत्तेपैकी चांगली तेवढी आपल्या नावावर ठेवायची आणि वाईट तेवढी दुसऱ्याच्या खाती टाकायची, अशी ही वहिवाट होती, आणि ती मानीबरोबर संपली असे कोणी समजू नये.

या पंथावरील त्याचा विश्वास उडण्यास गणितही कारणीभूत झाले. ग्रीक ज्योतिर्विदांनी वर्तवलेली ग्रहणे ठरल्या वेळी लागत आणि मानीच्या ग्रंथांतील आकाशवर्णने त्या गणिताशी जुळत नसत; पंथाचा थोर पंडित फाउस्टस कार्थेजला आला की तो सारे समजावून देईल असे सर्वांनी सांगितले, आणि तो आला तेव्हा अत्यंत मधुर बोलणारा, परंतु या विषयात कोरा निघाला. 383 मध्ये ऑगस्टीन रोमला गेला, पुढच्या वर्षी मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचा सरकारी अध्यापक झाला, आणि तेथे बिशप अँब्रोजची प्रवचने व लॅटिनमध्ये उतरलेले नव-प्लेटोवादी ग्रंथ या दोन वाटांनी त्याच्या विचाराला कलाटणी मिळाली.

ती कलाटणी अशी. अमंगल कोठून आले, असे विचारताना आपण ते एक पदार्थ आहे असे गृहीत धरतो, आणि पदार्थ म्हटला की त्याला निर्माता हवा; मग तो ईश्वर तरी असावा लागतो किंवा ईश्वराचा प्रतिस्पर्धी तरी. परंतु जखम हा काही पदार्थ नव्हे. शरीर बरे झाले म्हणजे जखम तेथून उठून दुसरीकडे राहावयास जात नाही. ती नाहीशी होते, कारण ती म्हणजे निरोगी मांसाचा अभाव होता. हा दाखला ऑगस्टीनचाच. जे जे अस्तित्वात आहे ते ते, अस्तित्वात आहे तेवढ्यापुरते, चांगलेच आहे. अमंगल म्हणजे त्या चांगल्याची झीज, त्याचा क्षय. पूर्ण क्षय झाला तर वस्तूच उरत नाही, म्हणून निखळ दुष्ट असे काही असूच शकत नाही. सैतानसुद्धा ख्रिस्ती मताप्रमाणे मुळात चांगला घडवलेला देवदूत होय. त्याची बुद्धी, त्याचे सामर्थ्य, त्याचे अस्तित्व ही ईश्वराची देणगी, आणि बिघाड तेवढा त्याचा स्वतःचा. या मताला कित्येकांनी असा दोष दिला आहे की ते दुःखाला खोटे ठरवते. हा दोष लागू पडत नाही. आंधळ्याला दृष्टीचा अभाव आहे असे म्हटल्याने त्याचे ठेचाळणे मिथ्या ठरत नाही. मायावाद वेगळा आणि हे वेगळे.

तथापि झीज होते ती कशामुळे? येथे ऑगस्टीन इच्छेकडे वळतो. मनुष्याची इच्छा नेहमी काहीतरी चांगलेच धरते: अन्न, मान, मैत्री, सत्ता, ज्ञान. पाप घडते ते धरलेली वस्तू वाईट असल्यामुळे नव्हे, तर लहान चांगल्यासाठी मोठे चांगले सोडल्यामुळे. प्रेमाचा क्रम उलटल्यामुळे. आणि त्या उलटण्याच्या मुळाशी अहंकार असतो, म्हणजे सृष्ट जीवाने स्वतःलाच आपला मालक ठरवणे. बायबलच्या उत्पत्तीच्या ग्रंथातील आदाम-एवेची, एदेनच्या बागेची कथा तो याच नजरेने वाचतो. तेथेही फळ आहे, तेथेही भूक नाही, तेथेही निषेधाचीच ओढ आहे. ते फळ वाईट नव्हते, कारण ईश्वराने वाईट झाड लावलेच नसते. इच्छा अशी वळली तरी का, याला कारण दाखवा असे कोणी म्हणेल तर ऑगस्टीन म्हणतो की या ठिकाणी कारण शोधणे म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहू म्हणणे किंवा शांतता कानांनी ऐकू म्हणणे होय. वाचकाला ही पळवाट वाटेल. मला ती प्रामाणिक वाटते, कारण पापाला पुरेसे कारण सापडले की त्याची सबब तयार होते, आणि सबब सापडू नये म्हणूनच तर त्याने इतक्या घटनांतून ती निरर्थक चोरी निवडली होती.

एकदा वळलेली इच्छा परत सरळ करणे मात्र इच्छेच्या हातात राहत नाही. 386 मध्ये मिलानच्या एका घराच्या बागेत त्याने हा अनुभव घेतला आणि तो वर्णन करताना लिहिलेली पाने मानसशास्त्राच्या इतिहासात अढळ राहतील. मन शरीराला हात उचल म्हणून हुकूम करते आणि हात उचलला जातो. तेच मन स्वतःला हुकूम करते आणि कोणी ऐकत नाही. वासनेला वश झाल्याने सवय होते, सवयीला विरोध न केल्याने ती गरज बनते, आणि ही साखळी परक्या लोखंडाची नसून आपल्याच इच्छेची घडवलेली असते. मानीचा अनुयायी याला दोन तत्त्वांचे युद्ध म्हणाला असता. ऑगस्टीन म्हणतो, दोन्हीकडे मीच होतो. पुढील वर्षीच्या ईस्टरला त्याने अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेतला.

चोरीच्या प्रकरणात त्याने आणखी एक गोष्ट टिपली आहे, तिच्याकडे टीकाकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. एकटा असतो तर मी ती चोरी केली नसती, असे तो पुन्हा पुन्हा म्हणतो. सोबत्यांपैकी कोणालाही फळे नको होती, परंतु चला म्हटल्यावर मागे राहण्याची लाज वाटली. पाप ही एकेकट्याच्या अंतःकरणाची बाब असे मानणाऱ्या पुढील काळातील धर्मोपदेशकांना हे सोयीचे नव्हते; दंगलीचा, पक्षाचा, सैन्याचा इतिहास लिहिणाऱ्याला मात्र येथे पुष्कळ सापडेल.

येथवर ऑगस्टीनच्या मागोमाग जाण्यास ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही फारशी अडचण पडू नये. वादाला तोंड फुटले ते पेलाजियसमुळे. हा ब्रिटनहून आलेला तपस्वी रोममधील उच्चकुलीन ख्रिस्ती कुटुंबांत गुरुस्थानी होता. सम्राटाचा धर्म तोच प्रजेचा, या न्यायाने ख्रिस्ती झालेल्या लोकांचे ढिले आचरण पाहून तो व्यथित झाला होता, आणि ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनातील, जी आज्ञा तू करतोस ती पाळण्याचे बळही तूच दे, अशा आशयाची प्रार्थना ऐकून तर त्याचा संताप झाला. बळ नसताना आज्ञा देणारा ईश्वर अन्यायी ठरेल. ज्या अर्थी आज्ञा आहे त्या अर्थी पाळण्याची शक्तीही आहे. आदामाने आपल्याला वाईट उदाहरण घालून दिले, वाईट स्वभाव दिला नाही. 410 च्या ऑगस्टमध्ये अलारिकच्या गॉथांनी रोम लुटले, निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर पेलाजियस आणि त्याचा शिष्य केलेस्टियस आफ्रिकेत उतरले, आणि दोन विचार एकाच किनाऱ्यावर समोरासमोर आले.

पुढील आठ वर्षांचा तपशील दिवाणी दाव्यासारखा आहे. कार्थेजच्या धर्मसभेने केलेस्टियसला दोषी ठरवले. 415 मध्ये पॅलेस्टाइनमधील सभेने पेलाजियसला निर्दोष सोडले. पोप इनोसंटने आफ्रिकेची बाजू घेतली, त्याच्या मागून आलेल्या पोप झोसिमसने प्रकरण पुन्हा उघडून आरोपींना अनुकूल मत दिले. आणि अखेर 418 मध्ये सम्राट ऑनोरियसचे फर्मान निघून पेलाजियसवाद्यांना रोममधून हद्दपार करण्यात आल्यावर पोपनेही आपला निर्णय फिरवला. ईश्वरी कृपेचा सिद्धान्त राजाज्ञेच्या जोरावर विजयी व्हावा, यातील विसंगती त्या काळी थोड्यांनाच खुपली असेल.

सहृदयतेने पाहिले तर पेलाजियसची बाजू पहिल्या वाचनाला अधिक उदार वाटते, परंतु जरा खोल उतरले म्हणजे ती किती कठोर आहे ते कळते. मनुष्य पूर्ण होऊ शकतो, म्हणून त्याने पूर्ण झालेच पाहिजे. न झाल्यास सबब चालणार नाही. दारू सुटता सुटत नाही, राग आवरता आवरत नाही, अशा माणसाला पेलाजियसकडे फक्त हुकूम आहे. ऑगस्टीनकडे निदान औषधाची भाषा आहे. हिप्पोच्या देवळात बिशपासमोर उभे राहणारे कोळी, हमाल, शेतकरी हे तपस्वी नव्हते, आणि धर्मसंस्था म्हणजे सिद्धांची सभा नसून बरे होऊ पाहणाऱ्यांचे रुग्णालय आहे, हे त्याचे म्हणणे त्यांच्याकडे पाहूनच तयार झाले असावे.

परंतु वाद पेटला की माणूस आपल्या विधानाच्या टोकाला जाऊन पोचतो, आणि ऑगस्टीन पोचला. मनुष्यजात दुखावलेल्या स्वभावाचा वारसा घेऊन जन्मते, एवढ्यावर तो थांबला नाही. आदामाचा अपराधसुद्धा वारसाहक्काने प्रत्येकाच्या नावावर चढतो, असे त्याने मांडले. तेव्हा बाप्तिस्म्यावाचून मरणाऱ्या तान्ह्या मुलाचे काय? अत्यंत सौम्य का होईना, पण दंड, असे उत्तर त्याने दिले. दक्षिण इटलीतील एक्लानमचा बिशप ज्युलियन, जो 418 च्या निर्णयावर सही न करता पदच्युत होऊन बाहेर पडला होता, त्याने म्हातारपणी ऑगस्टीनला या मुद्द्यावर सळो की पळो करून सोडले: तू मानीचा पंथ सोडलास खरा, पण मानीने तुला सोडलेले नाही, जन्मालाच दोष चिकटवणारा तू सृष्टीला वाईटच म्हणतो आहेस. हा घाव वर्मी बसणारा होता. ऑगस्टीनने मानवी इच्छेचे जे निरीक्षण केले ते मला आजही अचूक वाटते. त्या निरीक्षणाला बापाचे कर्ज मुलाकडून वसूल करणाऱ्या सावकारी कायद्याचा जो आधार त्याने दिला तो मुळीच पटत नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लिओंच्या इरेनियस बिशपने मनुष्य आरंभी बालवत् अपक्व निर्माण झाला आणि हळूहळू परिपक्व व्हावा अशी योजना होती, असे म्हटले होते, आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने मरण व दुर्बलता वारशाने येतात पण अपराध येत नाही, अशी भूमिका घेतली आहे. म्हणजे ख्रिस्ती धर्मात दुसरी वाट नव्हती असे नाही. रोमच्या चर्चने मध्ययुगात अशा बालकांसाठी यातनारहित असे वेगळे स्थान कल्पिले, आणि 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मतत्त्वज्ञांच्या आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार आहेत असा अहवाल प्रसिद्ध केला.

मराठी भाषेत हा विचार प्रथम मोठ्या प्रमाणावर उतरला तो गोव्यात. 1579 मध्ये तेथे आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त देवदूतांचे बंड, आदाम-एवेचे पतन आणि त्यातून आलेले मृत्यूचे राज्य ओवीछंदात सांगितले, आणि तेही अशा शैलीत की पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्याला कथानक तेवढे नवे वाटावे. प्रतिवाद होण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. कंपनी सरकारातील अधिकारी जॉन म्युर यांनी 1839 मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताचे श्रेष्ठत्व प्रतिपादन केले, त्याला सिहोर येथे राहणारे महाराष्ट्रीय ज्योतिषी सुबाजी बापू यांनी संस्कृतातच उत्तर दिले, आणि काही वर्षांनी काशीतील तरुण चित्पावन पंडित नीळकंठ गोरे यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून अधिक कडक उत्तर दिले. गोऱ्यांच्या आक्षेपांतील एक थेट आपल्या विषयाला भिडतो: पूर्वजन्म मानला नाही तर जन्मांध बालकाच्या व्यथेचे आणि मुक्या जनावरांच्या यातनांचे उत्तर काय? कर्मसिद्धान्तात निदान प्रत्येकाचा हिशेब प्रत्येकाच्या नावावर असतो. तुमच्याकडे तो एका आदामाच्या नावावर आहे. ज्युलियनचे नाव कदाचित न ऐकलेल्या या पंडिताने चौदाशे वर्षांनी ज्युलियनच्याच ठिकाणी बोट ठेवले होते.

आश्चर्य पुढेच आहे. याच नीळकंठ गोऱ्यांनी 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या गोरे या नावाने ते पुढे षड्दर्शनांचे खंडन करणारा ग्रंथ लिहिते झाले. पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यातही त्यांच्या लेखनाचा हात होता. आता ते म्हणू लागले की कर्माचा हिशेब कितीही चोख असला तरी पापाची लाज त्यात मावत नाही, कारण फळ भोगून संपले की अपराधही फिटला असे होते. म्हणजे हिशेबाच्या न्याय्यतेसाठी ते ज्या मताचे वकील होते, हिशेब अपुरा वाटू लागल्यावर ते मत त्यांनी सोडले. दोन्ही बाजू इतक्या आतून जाणणारा दुसरा साक्षीदार या वादाला क्वचितच मिळाला असेल.

इच्छेच्या वाकडेपणाने चोरी, खून, युद्ध यांचा उलगडा होईल. भूकंपाचा होत नाही. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, देवळे भाविकांनी भरलेली असताना लिस्बन शहर हादरले. मागोमाग समुद्र चढून आला, मागोमाग आग लागली, आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्यानंतर युरोपात व्होल्टेअरप्रभृतींनी, निरपराधांच्या वाट्याला हे का, असे जे विचारले ते बायबलातील ईयोबाच्या ग्रंथात फार आधी विचारलेले होते, आणि तेथेही ईश्वर उत्तर देत नाही. तो उलट प्रश्न विचारतो, आणि ईयोबाला पापी ठरवणाऱ्या मित्रांनाच दोष देतो. ख्रिस्ती धर्माकडे या बाबतीत सिद्धान्तापेक्षा क्रूसावरील निरपराध मनुष्याचे चित्र अधिक आहे. ज्यांना ते पुरते त्यांना पुरते. तर्काने त्याची भरपाई होत नाही, आणि ती होते असा दावा करणाऱ्या धर्मशास्त्र्यांचे ग्रंथ मला नेहमीच सर्वांत कोरडे वाटत आले आहेत.

विसाव्या शतकात ऑगस्टीनला नवे वाचक मिळाले. डेट्रॉइटच्या मोटारकारखान्यांच्या छायेत तेरा वर्षे धर्मोपदेशक राहिलेल्या राइनहोल्ड नीबूरने 1939 मध्ये एडिंबरो येथे मनुष्याचा स्वभाव आणि नियती यांवर व्याख्याने दिली, आणि ती पुरी होण्याआधीच दुसरे महायुद्ध सुरू झाले. शिक्षण वाढले, यंत्रे सुधारली, म्हणजे मनुष्य आपोआप सज्जन होईल हा उदारमतवाद्यांचा भरवसा त्याने खोडून काढला. परंतु दुष्टपणा केवळ शत्रुपक्षात आहे हा भरवसाही त्याने तितक्याच निष्ठुरपणे खोडला, आणि हे दुसरे ऐकून घेण्यास त्याचे स्वकीय तितकेसे राजी नव्हते.

हान्ना आरेंट ही ज्यू विदुषी तर ख्रिस्तीही नव्हती. तिचा प्रबंध मात्र ऑगस्टीनच्या प्रेमविषयक कल्पनेवर होता आणि तो 1929 मध्ये प्रसिद्ध झाला. 1961 मध्ये जेरुसलेम येथे आइकमनच्या खटल्याला ती हजर राहिली. लक्षावधी ज्यूंच्या संहाराची वाहतूकव्यवस्था सांभाळणारा हा कारकुनी वळणाचा मनुष्य पाहून तिला असे वाटले की येथे सैतानी खोली नाही, विचारशून्यता आहे. दुष्टपणा पृष्ठभागावर बुरशीसारखा पसरतो, त्याला मूळ नसते, खोली असते ती चांगल्यालाच. हा विचार कोठून आला हे ऑगस्टीनच्या वाचकाला सांगावे लागत नाही. आइकमनबद्दल तिचे निदान चुकले असावे. अर्जेंटिनात लपून असताना त्याने जे लिहिले व बोलले त्याच्या पुढील अभ्यासातून तो कट्टर आणि अभिमानी नाझी होता असेच दिसते. परंतु पोकळपणा आणि अभिमान यांत ऑगस्टीनला विरोध दिसला नसता. अभिमान हाच त्याच्या मते पोकळपणाचा पहिला आकार होता.

विचारवंताची खरी परीक्षा त्याच्या हाती सत्ता आल्यावर होते, आणि हिप्पोच्या बिशपाच्या हाती ती थोडीफार होती. या परीक्षेत तो एकसारखा उतरत नाही. डोनाटस पंथाच्या फुटीर ख्रिस्त्यांना परत आणण्यासाठी सरकारी जबरदस्ती वापरू नये असे त्याचे आधीचे मत होते. पुढे दंडाच्या धाकाने गावेच्या गावे परत आलेली पाहून ते बदलले, आणि मेजवानीच्या दाखल्यातील, लोकांना आत येण्यास भाग पाडा, या आशयाच्या वचनाचा त्याने काढलेला अर्थ पुढे एक हजार वर्षे धर्मच्छळ करणाऱ्यांच्या उपयोगी पडला. वाकलेल्या इच्छेचे इतके बारकाईने वर्णन करणाऱ्याला सत्ताधाऱ्याची इच्छाही वाकू शकते हे येथे दिसले नाही. उलट, त्याच पंथातील काहींनी एका पुरोहिताचा खून केला व दुसऱ्याचा डोळा फोडून बोट तोडले, तेव्हा त्याने शाही अधिकारी मार्सेलिनसला निकराचे पत्र लिहिले, की अपराध शाबीत झाला असला तरी यांना देहदंड देऊ नकोस आणि डोळ्यासाठी डोळा घेऊ नकोस. अपराधाचा द्वेष कर, परंतु ज्याच्या हातून तो झाला तो मनुष्य सुधारण्यास जिवंत राहू दे.

1981 मध्ये ऑगस्टीनची तोवर अज्ञात असलेली काही पत्रे प्रथमच छापली गेली. त्यांपैकी एक आयुष्याच्या अखेरच्या दशकातील असून इटलीत असलेल्या आपल्या मित्राला, बिशप अलिपियसला, लिहिलेले आहे. गुलामांचे व्यापारी आफ्रिकेच्या आतल्या भागातून स्वतंत्र माणसे, बायका, मुले पळवून हिप्पोच्या बंदरातून समुद्रापार विकत होते. ऑगस्टीन बाहेरगावी असताना त्याच्या मंडळीतील लोकांनी गलबतातून आणि एका लपवण्याच्या जागेतून सुमारे 120 जण सोडवले. व्यापाऱ्यांना बड्या लोकांचा पाठिंबा होता आणि सोडवलेली माणसे परत मिळावीत म्हणून त्यांनी तगादा लावला होता. त्यांच्याविरुद्ध ऑनोरियसचा कायदा होता. त्यात अशा व्यापाऱ्यांना शिसे लावलेल्या चाबकाने फटके मारण्याची शिक्षा होती. त्या फटक्यांनी माणसे सहज मरतात, म्हणून तो कायदा आपण पुरता वापरू शकत नाही, असे ऑगस्टीन कळवतो, आणि अलिपियसला दरबारी अर्ज करावयास सांगतो: व्यापार बंद पडेल असे करा, परंतु त्या चाबकावाचून.